दुसरा कारकून

मनाच्या डॉक्टरांकडे मी सात वर्षं कारकुनी केली, हे कळलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. "सांगा की एखादा किस्सा!" लग्नात सांगितलेत, बारशात सांगितलेत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत वाढप्यानं आमटीचं भांडं खाली ठेवून ऐकलंय. मी काही किस्से जमवायला गेलो नव्हतो. केसपेपर लिहिताना जे कागदावर मावायचं नाही ते डोक्यात राहायचं, आणि तिथे अजून आहे.

हसवणारे चटकन बाहेर येतात. एक मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगणार आहे, पण क्रमानं. क्रमाशिवाय मला सांगताच येत नाही. हाच माझा दोष, आणि हे सगळे किस्से एका अर्थानं त्या दोषाचेच आहेत.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात डॉ. वर्तकांनी दवाखाना उघडला होता. मुंबईला मनोविश्लेषण शिकून आलेला माणूस. खोल्या दोन, मधे दार नाही, नुसता पडदा. बाहेर बाक, आत डॉक्टर. अक्कलकोटकडचे पेशंट बहुतेक कानडी बोलणारे आणि डॉक्टरांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेलो, घरात कानडी, शाळेत मराठी. कारकून आणि दुभाषा एकाच माणसात मिळत होता.

इंटरव्ह्यूला डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला.

"मठपती, काल रात्री काय स्वप्न पडलं?"

मी सांगितलं. आधी मी कॉलेजात गेलो, मग प्रिन्सिपॉल भेटले, त्यांनी पुस्तक मागितलं, ते घरी राहिलं होतं म्हणून मी परत निघालो, वाटेत जाग आली.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "स्वप्नं इतकी सरळ नसतात. तुम्ही इस्त्री करून आणलंय. पण अक्षर चांगलं आहे, उद्यापासून या!"

मग त्यांनी मला त्यांच्या शास्त्रातली पहिली गोष्ट सांगितली. माणसाच्या मनात दोन कारकून असतात. पहिला जन्मापासून कामावर. त्याला घड्याळ कळत नाही, 'नाही' कळत नाही. हवं ते आत्ताच्या आत्ता हवं. त्याच्या दप्तरात आईच्या जागी उशी चालते आणि मेलेला माणूस पाटावर येऊन जेवतो. दुसरा उशिरा नोकरीला लागतो, मूल थांबायला शिकतं तेव्हा. तो म्हणतो, दूध तापतंय, थांब. आधी हे, मग ते. करायच्या आधी मनात करून बघ, जमतंय का. जग जसं आहे तसं धरून चाल. आपण ज्याला विचार करणं म्हणतो, ते सगळं या दुसऱ्याचं काम.

"मग पहिल्याला काढूनच टाकलं तर?" मी विचारलं.

"काढता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "सीनियर आहे!"

*

दवाखान्यात तिसरा माणूस अंबय्या. औषधं द्यायचा आणि तेलुगू पेशंटचं बोलणं मराठीत सांगायचा. त्याची सगळी भावकी विणकर, तो स्वतःही आधी चादरीच्या मागावर होता. जेकार्डच्या मागावर नक्षी येते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. ते पुठ्ठे एकासारखा एक नकलून काढायचं काम अंबय्यानं बारा वर्षं केलेलं. एक भोक जास्त पडलं तर मोराला दोन माना येतात, असं तो सांगायचा.

तोच हात त्यानं दुभाषेपणात आणला होता. एकदा एक म्हातारे गृहस्थ आत बसले होते. अंबय्या सांगत होता, "म्हणतात, माझा मोठा मुलगा..." आणि मधेच त्याला जोराचा खोकला आला. डॉक्टर चटकन उठले, माठातलं पाणी काढून त्याच्यापुढे धरलं.

अंबय्या संकोचून म्हणाला, "मला नको साहेब. खोकला पेशंटचा आहे!"

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. बी.ए. झालेल्या माणसाला शोभेल इतपत तुच्छतेनंही हसलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

*

एक निवृत्त हेडमास्तर यायचे. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं पुस्तकासारखं. त्यांचं म्हणणं होतं की घरात आहे ती त्यांची बायको नाही. हुबेहूब तशी दिसणारी दुसरीच कुणी बाई आहे.

डॉक्टर बाहेर गेले होते, म्हणून मास्तर माझ्यासमोर बसून राहिले. मला चेव आला. तर्कशास्त्राचा माणूस मी! म्हटलं, "मास्तर, पुरावा काय?"

"माझी पत्नी डाव्या हातानं कुलूप लावायची. ही उजव्यानं लावते."

"त्यांचा डावा हात दुखत असेल."

"मग तसं तिनं सांगायला हवं. माझी पत्नी काही दुखलं तर सांगितल्यावाचून राहत नसे. ही सांगत नाही. अर्थात ही ती नव्हे."

मी वीस मिनिटं लढलो. प्रत्येक पायरी त्यांनी बरोबर चढली. शेवटी ते प्रेमानं म्हणाले, "पस्तीस मार्क देतो. पास करतो, पण तर्क कच्चा आहे."

डॉक्टर परतल्यावर त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांचा दुसरा कारकून उत्तम आहे हो. फक्त त्याच्या हातात फाईल पहिल्यानं दिली आहे. सरळ बोलतो तो शहाणा, असं समजू नका."

मी बाहेर आलो. मास्तरांच्या बाई बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. मला राहवेना. विचारलं, "बाई, डाव्या हाताला काही झालंय का?"

त्यांनी पदर थोडा सरकवला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती.

"भाजलंय. त्यांना सांगू नका हं, काळजी करत बसतात."

*

नीलव्वा पहिल्यांदा आली ती एका गुरुवारी, भावाबरोबर, मैंदर्गीहून एस.टी.नं. तिशीच्या आतली बाई. सासर वैरागचं. त्या उन्हाळ्यात तिचा चार महिन्यांचा मुलगा पाळण्याची दोरी निसटून पडला आणि गेला. तेव्हापासून तिचं बोलणं तुटलं होतं. एक वाक्य चुलीचं, पुढचं आभाळाचं. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवली आणि पाच वर्षांची मुलगी, सुवर्णा, आपल्याकडे ठेवून घेतली. नवरा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. सासऱ्यांचा निरोप असा होता: डॉक्टरनं कागदावर लिहून द्यावं की ही शुद्धीवर आहे, त्याच दिवशी पोरगी घेऊन जावं. तोवर नाही.

त्यात खोट काढता येत नव्हती. शुद्ध हरपलेल्या बाईच्या हवाली पोर कोण करील?

भाऊ मल्लप्पा हात जोडून डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, एक कागूद पायजे बगा. पोरगी तितं, ही हितं. दोगी बी वाळाय लागल्यात."

नीलव्वा भिंतीकडे बघत कानडीत बोलली. तिचं कानडी मी इथे मराठीत देतो आहे, आणि आता तरी जसंच्या तसं देतो आहे. "घागर भरली होती. आभाळ पांढरं. चुलीत राख नाही. दोरी लांब. सुवर्णा जेवली का?"

मी डॉक्टरांना सांगितलं, "म्हणतात, बाळ गेल्यापासून स्वयंपाकात लक्ष लागत नाही. पाण्याचेही हाल आहेत. आणि मुलगी वेळेवर जेवत असेल की नाही, याची काळजी वाटते."

किती नीट! डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. मला कुणाला फसवायचं नव्हतं. वाकडी चौकट दिसली की माणूस जाता जाता सरळ करतो, तसं माझं वाक्यांच्या बाबतीत होतं. शिवाय त्या बाईची दया येत होती, तेही खरं. दया आणि टापटीप एकत्र आली की चूक करतोय असं वाटतच नाही.

असे सहा गुरुवार गेले. दर वेळी ती तुकडे टाकायची आणि मी ते शिवून द्यायचो. सहाव्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "सुधारणा छान आहे. संगती आहे, काळवेळाचं भान आहे, मुलीची चिंता आहे. पुढच्या गुरुवारी कागद देऊन टाकू."

मल्लप्पाचे डोळे भरून आले. पाया पडायला वाकला, डॉक्टरांनी अडवलं. दारात जाऊन तो परत वळला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सायेब, तुमच्या दवाखान्याची लई करामत हाय. घरी अजून तसंच तुटक बोलती बगा. पर हितं मठपतीसायबांच्या तोंडातनं आली की शानी होती!"

*

मल्लप्पा आणि नीलव्वा गेल्यावर डॉक्टरांनी मला तिचे शब्द जसे होते तसे सांगायला लावले. मला सहाही गुरुवारांचे आठवत होते. आठवत होते, हेच वाईट. सांगून झालं तेव्हा त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि भिंतीवर फेकला.

सात वर्षांत त्यांना तसं मी एकदाच पाहिलं. मग ते दहा मिनिटं बोलत होते. अगदी मुद्देसूद. दुभाष्याची जबाबदारी काय, पेशंटचा हक्क काय. "आणि मी हा कागद दिला असता तर? ती आजारी असताना एक पाच वर्षांचं मूल तिच्या हवाली केलं असतं. त्या मुलीचं काही झालं असतं तर उत्तर कोण देणार होतं, तुम्ही की मी? म्हणून मी पेपरवेट फेकला, मठपती. या सगळ्याचा विचार करून फेकला!"

अंबय्या खाली बसून काचा गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "साहेब, पेपरवेट आधी गेला. कारणं मागनं आली."

डॉक्टर स्वतः खाली बसून त्याच्याबरोबर काचा वेचू लागले. मी उभाच होतो. राजीनामा देतो म्हणालो.

"राजीनामा सोपा आहे," डॉक्टर म्हणाले. "तिचं ऐकायला कोण बसणार? मला कानडी येत नाही."

त्या संध्याकाळी मी अंबय्याबरोबर त्याच्या घराकडे चालत गेलो. त्याला विचारलं, "तू कसं रे करतोस?"

"मी करत नाही काही. पुठ्ठा बघायचा, भोक पाडायचं. मोर दिसायला लागला तरी मोर आहे असं म्हणायचं नाही. मोर म्हटलं की हात आपला मोर काढायला लागतो."

*

सवय मोडायची म्हणून मी घरी सराव सुरू केला. बायको बोलली की काही न जोडता, काही न काढता ऐकायचं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कपडे वाळत घातलेत. आईचं पत्र आलं नाही. तुम्हांला वांगं आवडतं."

मी म्हणालो, "म्हणजे तुला असं म्हणायचंय की आईची आठवण येते, म्हणून कामात लक्ष..."

"मला जे म्हणायचंय ते मी म्हणाले!" ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली लग्नाला. दर वेळी तुम्ही मला काय म्हणायचंय ते सांगता. एकदा तरी नुसतं 'हूं' म्हणा की!"

मी "हूं" म्हणालो. ती जवळ येऊन बसली आणि तिच्या धाकट्या बहिणीबद्दल बोलली. त्या बहिणीबद्दल नऊ वर्षांत मला एक अक्षर ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

*

पुढचे गुरुवार असे गेले. नीलव्वा बोलायची, मी तसंच्या तसं सांगायचो, थांबली की थांबायचो. डॉक्टरांनी कागद का दिला नाही हे मल्लप्पाला समजावताना माझी मान खाली होती. तो रागावला नाही. "चुकतंय की माणसाचं," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तसंच्या तसं लिहिलेल्या कागदांवर एक गोष्ट दिसायला लागली. चूल यायची, आभाळ यायचं, म्हैस यायची, ती बदलत राहायची. चार वाक्यं मात्र दर वेळी येत. घागर भरली होती. दोरी लांब. दार लोटलेलं. सुवर्णाच्या हाताला वळ. पण ती कधीच एकापाठोपाठ येत नसत. मधे काहीतरी आडवं घातलेलं असायचं.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आपण पेशंटपुढे जोडायचं नाही. पण इथे, दोघांत, जोडून बघा."

तर्कशास्त्राच्या माणसाला कितीसा वेळ लागणार? घागर भरली होती म्हणजे नीलव्वा घरात नव्हती, पाण्याला गेली होती. दार लोटलेलं म्हणजे घरात लेकरंच. लांब दोरी, ती पाळण्याला झोका द्यायची. आणि दोरी जोरात ओढली की हाताला वळ उठतात. सुवर्णाच्या हाताला.

मी पेन खाली ठेवलं.

"तिला विचार करता येत नाही असं नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "ती तो करू देत नाहीये. चारही वाक्यं जवळ आणली की पाचवं आपोआप येतं. तिनं तुकडेच करून टाकलेत, म्हणजे पाचवं यायला नको."

"मग ती बरी कशी व्हायची?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला आवडलं नाही.

*

पंचमी झाली त्यानंतरच्या गुरुवारी मल्लप्पा वैरागला जाऊन आला होता. नीलव्वा शेजारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तो डॉक्टरांना सांगत होता.

"पोरगी बोलंना झालीया सायेब. पंचमीला गल्लीतल्या समद्या पोरी झोक्यावर, ही एकटी उंबऱ्यात. झोका न्हाय, दोरी न्हाय. दोरीला हातच लावंना. रहाटाचा आवाज आला तर कानात बोटं घालती. अन् पोरगी पाच वर्षांची, कुणापाशी रडत बी न्हाय!"

नीलव्वानं तोंड फिरवलं. साडेतीन महिन्यांत ती पहिल्यांदा माणसाकडे बघत होती.

"कधीपासून?" तिनं भावाला कानडीत विचारलं.

मी यांत्रिकपणे डॉक्टरांना सांगितलं, "कधीपासून, विचारतात." आणि मग माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न आहे. तिनं आजवर केलेला पहिला सरळ प्रश्न. 'सुवर्णा जेवली का' हाही प्रश्नच होता, पण तो भिंतीला होता.

"तवापासनंच की," मल्लप्पा म्हणाला.

बाहेर अंबय्या बाटल्या धूत होता तो आवाज तेवढा येत होता. तिची बोटं मांडीवर एक-एक करून मिटत होती, बायका वाराचा हिशेब करताना मिटतात तशी. मग ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तिला इथे आणा. आबांना पण आणा. त्यांच्यासमोर सांगते."

आबा म्हणजे तिचे सासरे. मी शब्द न शब्द सांगितला. डॉक्टरांनी विचारलं, "काय सांगणार?"

नीलव्वानं उठून पदर सावरला आणि भावाच्या पुढे चालू लागली.

*

आबा आले. सत्तरीचे, कपाळावर विभूती, हातात काठी. सून कानडी मुलखातली असल्यानं त्यांना कानडी चांगलं समजायचं. सुवर्णाचा हात त्यांच्या हातात होता. पोरगी खरंच वाळली होती. आईला पाहून धावली नाही. लांबूनच बघत राहिली.

डॉक्टरांनी तिला बाहेरच्या बाकावर अंबय्यापाशी बसवलं आणि पडदा ओढला. आत आबा, नीलव्वा, मल्लप्पा, डॉक्टर आणि मी.

आबा आधीच बोलले. "डाक्टर, माजं काय वैर न्हाय हिच्याशी. पर ही शुद्धीवर हाय का न्हाय, तेवडं तुमी सांगा. आज काय ते हू द्या. मी काय पुन्यांदा येणार न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मठपती, तिला म्हणावं, त्या दिवशी काय झालं ते सांग. जमेल तेवढंच."

मी विचारलं. मला भीती वाटत होती. ती जर पुन्हा चूल आणि आभाळ बोलली असती तर कागद गेला होता, पोरगी गेली होती. आणि मी काही करू शकणार नव्हतो. एक मन म्हणत होतं, शेवटचं एकदा शिवून टाक! कुणाला कळणार? पण समोर आबा होते, त्यांना कळणार होतं. आणि खरं सांगायचं तर ते नसते तरी आता माझी छाती झाली नसती.

नीलव्वा उठून उभी राहिली. तिनं तोंड आमच्याकडे केलं नाही, पडद्याकडे केलं. आणि इतक्या दिवसांत कधी नव्हे इतक्या मोठ्यानं, एक-एक शब्द सुटा करून बोलली. मी मागोमाग मराठीत सांगत गेलो.

"त्या दिवशी मी घरात होते. सकाळी पाणी आणलं होतं. घागर भरून ठेवली होती. बाळ रडायला लागलं म्हणून मी पाळण्याजवळ बसले. दोरी माझ्या हातात होती. सुवर्णा दाराबाहेर खेळत होती. बाळ झोपेना, म्हणून मी जोरात झोका दिला. गाठ जुनी होती, ती सुटली. पाळणा पडला. मग सुवर्णा पळत आत आली आणि तिनं दोरी धरली, म्हणून तिच्या हाताला वळ आले. तिनं पाळणा पडू नये म्हणून धरली. पडला तो माझ्या हातून."

शेवटचं वाक्य ती पुन्हा एकदा म्हणाली, आणखी मोठ्यानं. "पडला तो माझ्या हातून."

कुठेही तुटलं नव्हतं. आधी, मग, म्हणून, सगळं जागच्या जागी. माझ्या मराठीत एक काना बदलावा लागला नाही.

"जसंच्या तसं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"जसंच्या तसं," मी म्हणालो.

डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मल्लप्पा तोंडावर उपरणं धरून बसला होता. बाकावरून हुंदका ऐकू आला, मग मोठं, मोकळं रडणं. नीलव्वा पडदा सारून बाहेर गेली. मल्लप्पाही तिच्या मागे गेला.

आबा बसून होते. काठीच्या मुठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. बाहेरचं रडणं हळूहळू कमी झालं. तेव्हा ते बोलले, कुणाकडेच न बघता.

"डाक्टर, ही बोलली ते खोटं हाय. त्या दिशी ही घरात नव्हतीच. पाण्याला गेल्ती. घरात मी होतो. झोपल्तो मी."

डॉक्टरांच्या हातात पेन उघडंच होतं. पुढे कोरा कागद.

"मग काय लिहू?" त्यांनी विचारलं.

आबा काठी टेकून उठले.

"लिवा," ते म्हणाले, "शुद्धीवर हाय."